सापाचा सातबारा

आमच्या घरात साप विकत आणायचा निर्णय ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला होता. फुकट.

धामण होती. बी विंगच्या म्हणण्यानुसार सहा फूट. ए विंगने तिला नऊ फुटांवर नेलं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोचेपर्यंत तिला फणा फुटला. चेअरमनसाहेब स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर उभे राहून "कोणीही घाबरू नका" असं ओरडत होते. मी त्यांच्या मागच्या गाडीच्या टपावर होतो, त्यामुळे मला सगळं स्वच्छ दिसत होतं. जमिनीवर होते ते फक्त वॉचमनमामा. मामा मूळचे भुकूमचेच. आमची सोसायटी ज्या वावरात उभी आहे, तिथे त्यांच्या चुलत्यांनी भात लावलेला आहे.

"धामण हाय सायेब. उंदरामागं आलीया. जाऊ द्या तिला."

"मामा, पण चावली तर?"

"चावाया तिला टपावर यावं लागंल."

धामण कुणाकडेही न बघता, सभासदत्वाचा प्रश्न न काढता, कंपाउंडच्या भिंतीच्या भोकातून डोंगराकडे निघून गेली. चेअरमनसाहेब बॉनेटवरून उतरले आणि त्यांनी संध्याकाळची तातडीची सभा जाहीर केली. विषय : सर्पमुक्त सोसायटी. सभेत कोणी कार्बोलिक ॲसिड शिंपडायला सांगितलं, कोणी लसूण, कोणी गारुडी. एका सभासदाने मोर पाळण्याची सूचना केली. तिला अनुमोदनही मिळालं.

वास्तविक आम्ही सगळे पेठांतली वाड्यांची जागा सोडून भुकूमला आलो ते निसर्गासाठी. बिल्डरच्या माहितीपत्रकात डोंगर होते, जवळच रामनदीचा उगम असल्याचं लिहिलं होतं आणि मुखपृष्ठावर मोर होता. मोर ज्याला खातो तो मुखपृष्ठावर नव्हता. आता डोंगर तिथेच आहे, आम्ही त्याच्या पोटात पार्किंग खणलं आहे आणि जुने रहिवासी अधूनमधून आपलं घर कुठे गेलं ते बघायला येतात, तेव्हा आम्ही टपावर चढतो.

तर त्या सभेहून मी घरी आलो आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण साप पाळू या."

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांचं म्हणणं ते मुद्द्यांत मांडतात. कुत्रा पाळला तर सकाळ-संध्याकाळ फिरवावा लागतो, तो भुंकतो, त्यावरून बी विंगशी भांडण होतं. साप भुंकत नाही. त्याचे केस सोफ्यावर पडत नाहीत. त्याला फिरवायचं नाही, अंघोळ घालायची नाही. आणि तो जेवतो आठवड्यातून एकदा.

या शेवटच्या मुद्द्याला बायकोच्या चेहऱ्यावर विचार दिसला. आठवड्यातून एकदा जेवणारं कोणी आमच्या घरात आजवर नव्हतं.

"साप हवाय तर सकाळी आला होता की," मी म्हणालो. "बोलावून घेऊ."

"बाबा, तो गुन्हा आहे."

मग मला कळलं की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचा साप घरात ठेवता येत नाही. नाग नाही, धामण नाही, अजगर नाही. ज्या बिचाऱ्या मांडुळाच्या नादाने लोक गुप्तधनाच्या आशेवर लाखो रुपये घालवतात आणि शेवटी पोलिसांच्या हाती लागतात, ते मांडूळही नाही. विकता येतो तो परदेशी जातीचा, बंदिस्त जागेत जन्मलेला, कागदपत्रांसह. म्हणजे फुकटची धामण ठेवली तर तुरुंग आणि आफ्रिकेतला अजगर विकत आणला तर पावती.

चिरंजीवांच्या मनात होता तो बॉल पायथॉन. हा पश्चिम आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन ही त्याची माहेरं. अजगर म्हणायचं, पण लांबी साधारण तीन ते पाच फूट, विष नाही, स्वभाव गरीब. घाबरला की तो डोकं मधोमध लपवतो आणि स्वतःचा चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. संकट आलं की डोकं पोटात घालून गप्प पडून राहायचं. हा प्राणी मला एकदम घरचा वाटला.

खरी भीती आईची होती. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि देवघराला पाय लागला तरी घर धुवायला लावते. पण आम्ही विसरलो होतो की तिचं माहेर वाळव्याकडचं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तिने लहानपणी डोळ्यांनी बघितलेली, जिवंत नागांच्या मिरवणुकीवर न्यायालयाची बंदी यायच्या कितीतरी आधी. तिने एकच प्रश्न विचारला.

"दूध किती लागेल? पिशवी वाढवायला हवी."

"आजी, साप दूध पीत नाहीत. त्यांना ते पचतच नाही."

आई गप्प बसली. मग सावकाश म्हणाली, "मग वाड्यात दर पंचमीला मी वाटी ठेवायचे, ती रिकामी कोण करायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

भीती मोडावी म्हणून पुढच्या रविवारी आम्ही कात्रजला गेलो. तिथलं सर्पोद्यान १९८६चं, नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं. त्याच खैऱ्यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या संगतीत एका खोलीत ७२ तास काढले होते. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यातला प्रत्येक माणूस तो प्रकार आपण काचेला नाक लावून पाहिल्याचं अजूनही सांगतो. तेवढी नाकं खरंच लागली असती तर आतले साप कुणाला दिसलेच नसते. मी कात्रजला काचेपलीकडच्या एका अजगरासमोर उभा राहिलो. घड्याळ लावून. बहात्तर तास नाही, बहात्तर सेकंद. अठ्ठावन्नाव्या सेकंदाला त्याने जीभ बाहेर काढली आणि मला पार्किंगचं तिकीट गाडीत राहिल्याची आठवण झाली.

त्यानंतर चिरंजीवांनी मला अभ्यासाला बसवलं. निरोगी साप कसा ओळखायचा, याची त्यांनी यादीच केली होती. डोळे स्वच्छ हवेत, त्यावर जुन्या कातीचा पापुद्रा राहिलेला नको. नाकातोंडातून फेस किंवा शेंबूड नको, श्वासाला शिट्टीचा आवाज नको. अंग भरलेलं हवं, पाठीचा कणा वर आलेला नको. खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके नकोत. ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. शेपटीच्या मुळाशी विष्ठेची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. हातात घेतला की त्याने पकड घ्यायला हवी, चिंधीसारखा लोंबता कामा नये. मी ही यादी आरशासमोर उभा राहून स्वतःला लावून पाहिली. श्वासाला शिट्टी आहे, पकड राहिलेली नाही, डोळ्यांवर पापुद्रा आहे. मोतीबिंदूची तारीख जानेवारीतली आहे. मला कोणी विकत घेतलं नसतं.

पहिला साप बघायला आम्ही शहरातल्या एका बोळात गेलो. पुढे माशांच्या टाक्या, मागे पडदा, पडद्यामागे प्लॅस्टिकचा डबा. एकूण वातावरण असं की मी नकळत कॉलर वर केली.

"या काका. एकदम फ्रेश पीस आहे," दुकानदार म्हणाला. मंडईत याच सुरात मला आजवर शिळी मेथी मिळालेली आहे.

चिरंजीवांनी टॉर्च काढला.

"याच्या पाण्यात हे काळं काय आहे?"

"तीळ."

"सापाच्या पाण्यात तीळ?"

"थंडीचे दिवस आहेत ना."

सापाची पाठ कौलारू घराच्या आढ्यासारखी वर आली होती. एका डोळ्यावर दुधी काच होती. श्वास घेताना तो चहाच्या किटलीसारखा वाजत होता.

"शीळ घालतो," दुकानदार म्हणाला. "आनंदात असला की घालतो."

एवढ्यात सापाने मान वर केली आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोलायला लागली. मला तर कौतुकच वाटलं. आपल्याकडचा नागसुद्धा डोलतो तो पुंगीच्या हालचालीकडे बघून. हा तर विनापुंगी डोलत होता.

"ट्रेनिंग दिलंय काका. याचे वेगळे पैसे लावत नाही."

चिरंजीवांनी मला बाजूला घेतलं. याला स्पायडर मॉर्फ म्हणतात, ते कुजबुजले. रंगाच्या नक्षीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावतात आणि त्या नक्षीबरोबर आतल्या कानाचा दोष येतो. बिचाऱ्याला तोल सांभाळता येत नाही, म्हणून मान डुलते.

"कागदपत्रं?" मी जरा जरबेने विचारलं.

"होतील ना."

"पावती?"

"पावती लावली की किंमत वाढते काका. तुम्ही घरचे."

मग त्याने आकडा सांगितला. तो माझ्या पहिल्या स्कूटरच्या तिप्पट होता. मी उठलो. तो दुप्पट झाला. मी पडद्यापर्यंत गेलो. तो स्कूटरएवढा झाला. आता इथे मला एक कबूल करायला हवं. तो साप आजारी होता, आंधळा व्हायच्या वाटेवर होता, त्याच्या अंगावर किड्यांची वसाहत होती आणि तो कुठून कसा आणला याचा पत्ता नव्हता, हे सगळं मला समजत होतं. पण वस्तू तिपटीवरून एकपटीवर आली की माझ्यातला पेठेतला माणूस जागा होतो. चिरंजीवांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हाही मी मागे वळून "त्यात डबा येतो का?" असं विचारत होतो.

दुसरा माणूस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा, ओळखीतून ओळख काढून मिळालेला. हा ब्रीडर, म्हणजे स्वतः सापांची वीण घेऊन पिल्लं वाढवणारा. फोनवर त्याने किंमत सांगितलीच नाही, उलट आम्हालाच प्रश्न पाठवले. घरात कोण कोण असतं? लहान मूल, मांजर? या प्राण्यांचा डॉक्टर ठरवलाय का? आम्ही चौघं गाडीत बसून निघालो. भूगावच्या कोंडीत पाऊण तास आणि चांदणी चौकात पूल चुकल्याने आणखी पंधरा मिनिटं गेली. आई मागच्या सीटवर पैठणी नेसून बसली होती.

"आई, पैठणी कशाला?"

"बघायला चाललोय ना?"

तिचं बरोबरच होतं. तो बघण्याचाच कार्यक्रम होता. फक्त दाखवून घ्यायचं होतं ते आम्हाला, एवढं आमच्या लक्षात आलं नव्हतं.

दारातच त्याने विचारलं, "दुसरीकडे कुठे साप बघून आलात का? या चपला घालून?"

मी मागच्या आठवड्यातल्या बोळाचं वर्णन केलं. त्याने आमच्या चपला जिन्यात ठेवायला लावल्या, हात कोपरापर्यंत धुवायला लावले आणि माझा शर्ट तोच आहे हे कळल्यावर मला स्वतःचा टी-शर्ट दिला. माइट्स कपड्यांवरून येतात म्हणे. त्या टी-शर्टवर दात विचकणारा नाग होता. पुढचा दीड तास मी त्या वेशात होतो आणि बायको माझ्याकडे बघायचं टाळत होती.

खोली लखलखीत. भिंतीला आयुर्वेदिक औषधांच्या जुन्या दुकानात असतात तसे खण, प्रत्येक खणाला कार्ड. वास कसलाही नाही. "इथे आपल्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छता आहे," बायको म्हणाली आणि मी उत्तर दिलं नाही. तेवढं शहाणपण तीस वर्षांत आलं आहे.

तो एकेक खण दाखवू लागला. "हा बनाना. हा बटर. हा सिनॅमन. हा चॉकलेट, तो शॅंपेन."

मला आइस्क्रीमच्या दुकानात आल्यासारखं झालं. "आम्हाला साधाच द्या," मी म्हणालो. "व्हॅनिला."

"व्हॅनिला साधा नसतो. साध्याला नॉर्मल म्हणतात."

मग त्याने एक नॉर्मल काढला. आठ महिन्यांचं पिल्लू, तपकिरी अंगावर गुळाच्या रंगाचे डाग. त्याने आधी त्याचे डोळे दाखवले, मग उलटं करून पोट, मग शेपटीचं मूळ, मग ओठांवरची ती बारीक भोकं, ज्यांनी त्याला अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब कळते. मग मला काही सुचायच्या आत त्याने ते माझ्या हातावर ठेवलं. ओलं, बुळबुळीत काहीतरी असणार म्हणून मी डोळे मिटले होते. लागलं ते कोरडं, गार आणि जड, नव्या चामड्याच्या पाकिटासारखं. ते मनगटावरून वर सरकलं, घड्याळाच्या पट्ट्यापाशी थांबलं, काळी जीभ दोनदा बाहेर काढून त्याने माझ्या नाडीची चौकशी केली आणि रक्तदाबाच्या पट्ट्यासारखं हाताला आवळलं. पकड उत्तम होती. दोघांपैकी घाबरलं कोण होतं ते नंतर उघड झालं, कारण चेंडू मी झालो होतो.

त्याने कार्ड पुढे केलं. जन्मतारीख, वजन, कात टाकल्याच्या तारखा, जेवणाची नोंद. तीन तारीख, खाल्लं. दहा, खाल्लं. सतरा, नाही, कात. चोवीस, खाल्लं. चिरंजीवांच्या कॉलेजच्या हजेरीत इतकं सातत्य मी कधी पाहिलेलं नाही.

"घेण्याआधी याला जेवताना बघून घ्या. जो खातो तोच घ्यावा," ब्रीडर म्हणाला. त्याने गोठवलेला, मग कोमट पाण्यात नरम केलेला उंदीर चिमट्यात धरला. पुढच्या दहा मिनिटांविषयी मी एवढंच सांगू शकतो की त्या खोलीच्या छताला दोन पंखे होते आणि त्यातल्या एकाचा एक स्क्रू ढिला होता.

"हे गोठवलेले ठेवायचे कुठे?" बायकोने विचारलं.

"फ्रीझरमध्ये."

"मटारांशेजारी?"

"वेगळ्या डब्यात."

"श्रावणात?"

"हे साप कधीकधी महिनोन्‌महिने खात नाहीत. थंडीत तर हमखास. घाबरायचं नाही."

"चातुर्मास पाळतो," आई म्हणाली आणि तिचं मत तिथेच ठरलं.

मग सुरू झाली खरी परीक्षा. उबेच्या बाजूला ३२ अंश, दुसऱ्या बाजूला २६ ठेवता येईल का? थर्मोस्टॅट कोणता? भुकूमला लाइट किती वेळ जाते? इन्व्हर्टर आहे का? मी प्रत्येक प्रश्नाला चिरंजीवांकडे बघत होतो. मग तो थेट माझ्याकडे वळला.

"हा पंचवीस-तीस वर्षं सहज जगेल. तुमचं वय?"

"सत्तावन्न."

त्याने मनात बेरीज केली. ती बेरीज त्याच्या चेहऱ्यावर दिसली.

"तुमच्यानंतर कोण?"

आमच्या विमा एजंटनेही हा प्रश्न इतक्या मोकळेपणी कधी विचारला नव्हता. वर त्याने माहिती पुरवली की अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या याच जातीच्या मादीने २०२० साली, साठी उलटून गेल्यावर, सात अंडी घातली. आणि आधीची निदान पंधरा वर्षं तिच्या जवळपास नर नव्हता.

"शेवटी सगळं एकटीनेच करावं लागतं," बायको म्हणाली. या वेळीही मी उत्तर दिलं नाही.

कागदपत्रांची फाइल त्याने न मागता काढली. हा साप ज्या आंतरराष्ट्रीय करारात येतो त्याची यादी २०२२च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणं भाग पडलं. जन्म कळवायचा, हस्तांतर कळवायचं, मृत्यू कळवायचा. त्या फाइलमध्ये पिल्लाची आई होती, बाप होता, त्यांच्या नोंदी होत्या, फेरफार होता. मुळशी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला एवढा स्वच्छ सातबारा बघायची सवय नसते. आमच्या सोसायटीच्या जमिनीचं कन्व्हेयन्स अकरा वर्षं रखडलंय. या सापाच्या तीन पिढ्या नावानिशी लागलेल्या होत्या. मी ती फाइल दोनदा वाचली. फ्लॅट घेताना मी फक्त मोर बघितला होता.

"ॲडव्हान्स किती देऊ?" मी खिशात हात घातला. खिसा त्याच्या टी-शर्टला नव्हता.

"ॲडव्हान्स नको. आधी पेटी आणा. पंधरा दिवस रिकामी चालवा. रोज दोनदा तापमान लिहून ठेवा. मग मी बघतो."

पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाइकाला हाकलणं नवीन नाही. पण कारण सांगून हाकललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पेटी आली. चार फूट लांब, पुढे काच, आत उबेची पट्टी, लपायला नारळाची करवंटी, पाण्याचं भांडं. डिसेंबर लागला होता. डोंगरावरून असं वारं सुटायचं की रात्री मी दोन रजया घेऊन झोपायचो, आणि रिकाम्या पेटीत आफ्रिका नांदत असायची. रात्री दोनला लाइट जायची. मी उठायचो, पेटी इन्व्हर्टरवर लावायचो, वहीत '३१.५' लिहायचो आणि गार अंथरुणात परतायचो. चौथ्या दिवशी आई पेटीला पाठ लावून जप करायला लागली. सहाव्या दिवशी बायकोने विरजण लावलेलं पातेलं पेटीवर ठेवलं. भुकूमला आल्यापासून थंडीत आमचं दही कधी नीट लागलं नव्हतं. सातव्या दिवशीचं दही सुरीने कापावं असं होतं. शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या.

अकराव्या दिवशी सकाळी पातेलं उचलायला गेलेल्या बायकोची किंकाळी ऐकू आली.

करवंटीच्या आत साप होता. बारीक, चॉकलेटी, अंगावर पांढरट पट्टे. आमचा साप आणलेला नसताना आमच्या पेटीत साप होता. मी जेवणाच्या टेबलावर कधी चढलो ते मला आठवत नाही.

"आला का बाळ?" आई शांतपणे म्हणाली. "घरपोच दिला वाटतं."

"आजी, हा आपला नाही!"

"आपल्या पेटीत आहे की."

चिरंजीवांनी काचेबाहेरून टॉर्च मारला. आणि गंमत बघा, इतक्या दिवसांचा अभ्यास वाया जात नाही. टेबलावरून मीच ओरडायला लागलो. "डोळे बघ! स्वच्छ आहेत का?" "स्वच्छ आहेत." "कणा?" "दिसत नाही, अंग भरलेलं आहे." "काळे ठिपके?" "नाहीत." "जीभ?" "काढतोय." सर्व कसोट्यांना उतरलेला, तुकतुकीत, हिंडता-फिरता साप. फक्त कागद नव्हते. आणि तो कवड्या आहे की मण्यार, हे ठरत नव्हतं. कवड्या बिनविषारी, मण्यार चावली तर माणूस उठत नाही, आणि दोघांच्याही अंगावर पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात आणि मण्यारीचे मानेमागे अंतर सोडून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात, हे चिरंजीवांना तोंडपाठ होतं. पण साप करवंटीत मान घालून बसला होता आणि त्याला "जरा मान दाखवा" म्हणायला कोणी तयार नव्हतं.

वॉचमनमामा आले. त्यांनी लांबूनच बघितलं. "कवड्या वाटतोय. पाली खायाला येतो घरात. पर हात घालू नका, मान्सं बोलवा."

आम्ही वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन लावला. तासाभरात एक सर्पमित्र आला, चिरंजीवांच्याच वयाचा. त्याने चिमट्याने करवंटी उलटली, पट्टे बघितले, "कवड्याच," म्हणाला आणि त्याला बरणीत घेतलं. वहीत ठिकाण लिहिलं : भुकूम, तिसरा मजला, सापाची पेटी. मग मान वर करून त्याने मला विचारलं, "काका, साप यावा म्हणून ठेवलीत का?"

संध्याकाळी मी ब्रीडरला फोन केला. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच. "तुम्ही आमची परीक्षा घेत होतात ना? आमची पेटी सापाने स्वतः पसंत केली!"

"आत कुठून आला?"

"मागे वायरीसाठी भोक आहे. बोटभरच."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"साहेब, जिथून कवड्या आत येतो तिथून माझं पिल्लू बाहेर जातं. तुमच्या पार्किंगमध्ये. तिथे लोक गाड्यांवर चढतात असं तुम्हीच सांगितलं होतं."

"मग आता?"

"भोक बुजवा. आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून पंधरा दिवस."

भोक बुजवलं. सर्पमुक्त सोसायटीची दुसरी सभा कोरमअभावी पुढे गेली. धामण परवा पुन्हा येऊन गेली, पण चेअरमन गावाला असल्यामुळे बॉनेट रिकामं होतं आणि कोणी ओरडलं नाही. आज आमचा सहावा दिवस आहे. पेटीत ३१.८ आहे आणि दही लागलंय.